रुईच्या पानाची मागची बाजू

शनिवारी मारुतीच्या माळेसाठी रुईची पानं तोडताना प्रत्येक पान एकदा उलटून बघावं. खाली खसखशीच्या दाण्याएवढा पांढरट ठिपका एकटाच चिकटलेला दिसला, तर ते बहुधा प्लेन टायगर फुलपाखराचं अंडं असतं. ते पान माळेत घेऊ नये.

तीन-चार दिवसांत अळी बाहेर येते. काळे-पांढरे पट्टे, पिवळे ठिपके आणि पाठीवर शिंगांसारख्या काळ्या दोऱ्यांच्या तीन जोड्या. रुईचा चीक तोंडाला चिकटला तर इवल्याशा अळीचा जीव जाऊ शकतो. म्हणून ती आधी पानाची शीर कुरतडते, चिकाचा पुरवठा तोडते आणि मग पलीकडचा भाग खाते. दोनेक आठवड्यांत पानांची चाळण होते. होऊ द्यावी, रुई पुन्हा फुटते.

गडबड होते ती कोवळ्या शेंड्यांवर पिवळा मावा, म्हणजे रस शोषणारी इवली कीड, दिसल्यावर. लगेच निंबोळी अर्क फवारला जातो आणि त्याच पानांवरच्या अळ्याही मरतात. सकाळी नुसत्या पाण्याचा जोरदार फवारा शेंड्यावर मारला, तर बराच मावा गळून पडतो. त्याआधी शेंडा नीट बघा. काळी, नारिंगी ठिपक्यांची, इवल्या मगरीसारखी दिसणारी अळी म्हणजे ढालकिड्याचं (लेडीबर्डचं) पिल्लू. ते मावाच खातं, आणि लोक नेमकं त्यालाच चिरडतात.

रुईचं रोप रस्त्याकडेचं उपटून आणलं तर सहसा जगत नाही, कारण सोटमूळ तुटतं. जूनमध्ये बी जागेवरच पेरावं. पाणी साचणारी जागा नको, मूळ कुजतं. छाटताना चीक डोळ्यात जाऊ देऊ नये, इजा गंभीर होते.

शेजारी कढीपत्ता किंवा लिंबू असेल तर पानावर पडलेली पक्ष्याची विष्ठा जरा निरखून बघा. ती हळूच सरकली, तर लाइम बटरफ्लाय किंवा कॉमन मॉर्मन फुलपाखराची लहान अळी आहे. मोठी झाली की हिरवी होते आणि डिवचल्यावर डोक्यामागून लालसर, दुफाट्याचं शिंग बाहेर काढून उग्र वास सोडते. तरी शिंपी पक्षी झुडपांतून अळ्या टिपत फिरतोच. पिल्लांना त्याच भरवायच्या असतात.

पावसाळ्यात झुडपांच्या मध्ये सिग्नेचर स्पायडर या कोळ्याचं जाळं लागतं. मधोमध पांढऱ्या नागमोडी रेघांची फुली, आणि तिच्यावर पाय दोन-दोन जोडून उलटी लटकलेली मादी. नर इतका लहान, की वेगळाच किडा वाटावा. चावेल म्हणून घाबरायचं कारण नाही.

दिवाळीची साफसफाई घराच्या आत करावी, झाडांवरची जाळी राहू द्यावीत. शिंजीर पक्षी (सनबर्ड) तिथूनच धागे ओढून नेतो. फांदीच्या टोकाला लोंबणारं त्याचं पिशवीसारखं घरटं कोळिष्टकांनीच बांधलेलं असतं. बाहेरून सालीचे तुकडे, कचरा, असं काहीबाही चिकटवलेलं. आत मऊ अस्तर असतं, आणि त्यात रुईच्या बोंडातला कापूसही असतो. म्हणून वाळकी बोंडं सगळी काढू नयेत, चार-पाच झाडावरच फुटू द्यावीत. घरटं दिसलं तर ती फांदी महिनाभर छाटू नका: अंडी बहुधा दोन, उबवायला पंधरा दिवस आणि पिल्लं उडायला जवळपास तेवढेच.