गॅरंटी केबिन आणि अपग्रेडची बोली: दिसायला सारखी, वागायला उलटी

दिवाळीच्या सुट्टीत सिंगापूर आणि तिथून तीन-चार रात्रींची क्रूझ, असा बेत हल्ली वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातल्या घरांतही ठरू लागला आहे. रावपुऱ्याच्या एखाद्या ट्रॅव्हल ऑफिसात बसलं की समोरच्या स्क्रीनवर एकाच जहाजाच्या बाल्कनी केबिनचे दोन दर दिसतात, एक जास्त आणि एक कमी. कमी दराशेजारी ‘गॅरंटी’ असं लिहिलेलं असतं. ‘आ लई लो ने, अपग्रेड पण मळी जशे,’ म्हणजे हे घ्या ना, अपग्रेडही मिळून जाईल, असं पलीकडचा माणूस मनापासून सांगतो. त्याच्या या एका वाक्यात दोन अगदी वेगळे व्यवहार एकत्र होतात: एक स्वस्तातली गॅरंटी केबिन, आणि दुसरा अपग्रेडची बोली, म्हणजे जास्त पैसे देऊ करून वरच्या, महागड्या प्रकारची केबिन मागणं. घरी आल्यावर सगळ्यांना वाटतं की आपण स्वस्तात केबिन घेतली आणि वर बढतीचं आश्वासनही मिळालं. प्रत्यक्षात तसं कोणीच कबूल केलेलं नसतं.

गॅरंटी केबिनमध्ये तुम्ही फक्त केबिनचा प्रकार विकत घेता. क्रूझवर ढोबळमानाने चार प्रकार असतात: खिडकी नसलेली आतली केबिन, समुद्राकडे खिडकी असलेली, बाल्कनीची आणि स्वीट, म्हणजे सगळ्यात मोठी आणि महागडी. बाल्कनीची गॅरंटी घेतली तर बाल्कनी नक्की मिळणार. ती कुठल्या डेकवर म्हणजे मजल्यावर, पुढे की मागे, लिफ्टजवळ की कॉरिडॉरच्या टोकाला, हे कंपनी ठरवणार, आणि कधी ठरवायचं हेही तीच बघणार. काहींना बुकिंगनंतर आठवड्याभरात नंबर येतो, काहींना उरलेले पैसे भरण्याची तारीख उलटल्यावर, तर काहींना थेट बंदरावर. तोवर बोर्डिंग पासवर केबिन नंबरच्या जागी ‘जीटीवाय’ ही ‘गॅरंटी’ची तीन अक्षरं असतात आणि बॅगेला लावायच्या पट्टीवरची नंबरची जागा कोरी राहते. ती कोरी पट्टी बघून आपल्याकडची मंडळी हमखास घाबरतात. घाबरण्यासारखं त्यात काही नाही. नंबर आला की पट्टी पुन्हा छापता येते, नाहीतर टर्मिनलवर सामान देताना त्यावर नंबर लिहून घेता येतो.

रेल्वेच्या भाषेत सांगायचं तर हे वेटिंगही नाही आणि आरएसीही नाही. वडोदरा ते मुंबई सेंट्रल तिकीट काढताना लोअर बर्थची पसंती दिली नाही, तरी कन्फर्म तिकीट ते कन्फर्मच असतं. बर्थ कुठली ते यंत्रणा ठरवते. गॅरंटी केबिन तशी आहे. जहाज भरलं म्हणून तुम्ही किनाऱ्यावर राहाल, ही भीती त्यात नाही.

प्रत्येक कंपनी याला वेगळ्या नावाने विकते, म्हणून गोंधळ आणखी वाढतो. एमएससी या क्रूझ कंपनीच्या ‘बेला’ भाड्यात केबिन कंपनी ठरवते. ब्रिटनच्या पी अँड ओ क्रूझेसच्या ‘सेव्हर’ भाड्यात तसंच, आणि स्वतः निवडायची असेल तर ‘सिलेक्ट’ भाडं घ्यावं लागतं. डिस्नेच्या जहाजांवर निर्बंध असलेलं गॅरंटी भाडं असतं: पूर्ण रक्कम बुकिंगच्या वेळीच भरायची आणि बेत रद्द केला तर ती परत मिळत नाही. म्हणजे ‘गॅरंटी’ एवढाच शब्द ऐकून दोन कंपन्यांचे दर शेजारी मांडले तर तुलना फसते. सोबतच्या अटींसकट तुलना करायला हवी.

कंपनीला यात काय मिळतं? मोकळीक. कुठे तिघांची, चौघांची सोय असलेली केबिन एखाद्या कुटुंबासाठी राखायची असते, कुठे खालचा प्रकार भरून वरचा रिकामा राहिलेला असतो. नंबर न दिलेले प्रवासी हाताशी असले की ही सगळी मांडणी शेवटपर्यंत हलवता येते. या मोकळिकीच्या बदल्यात ती दर कमी करते. आता खालचा प्रकार खरोखरच भरून गेला तर तुम्हाला वरच्या प्रकारात ढकलावं लागतं आणि त्याचे जास्तीचे पैसे लागत नाहीत. ‘अपग्रेड मळी जशे’ ही आशा इथून येते. होतं तसं, पण ते जहाजाच्या हिशोबात बसलं तरच होतं. बाल्कनीच्या गॅरंटीवर सगळ्यात साधी, सगळ्यात कोपऱ्यातली बाल्कनी मिळाली, तरी कंपनीने आपला शब्द पुरा पाळलेला असतो.

अपग्रेडची बोली याच्या उलट बाजूने सुरू होते. इथे बुकिंग आधी झालेलं असतं, बहुतेकदा नंबरही हातात असतो. मग निघण्याच्या काही आठवडे आधी ईमेल येतो: वरच्या प्रकारासाठी किती जास्त द्याल ते सांगा. रॉयल कॅरिबियन या क्रूझ कंपनीत याला ‘रॉयलअप’ म्हणतात, सेलिब्रिटी कंपनीत ‘मूव्हअप’, नॉर्वेजियनमध्ये ‘अपग्रेड अ‍ॅडव्हांटेज’. स्क्रीनवर एक पट्टी सरकवून तुम्ही रक्कम ठरवता. बोली स्वीकारली जाईपर्यंत ती बदलता येते, मागेही घेता येते. स्वीकारली की पैसे थेट कार्डावरून कापले जातात आणि मग माघार नाही. हा निर्णय निघण्याच्या एक-दोन दिवस आधीपर्यंतही येऊ शकतो.

रक्कम वाचताना एक गोष्ट डोळ्यांआड होते. बोली माणशी असते आणि केबिनमधल्या पहिल्या दोघांना ती लागू होते. १०० डॉलर लिहिलेत म्हणजे केबिनचे २०० झाले. एकटा प्रवासी असला तरी बहुतेक ठिकाणी दोघांचे पैसे मोजावे लागतात.

दोन्हींतला सगळ्यात मोठा फरक मात्र पैशात नाही, जागेत आहे. गॅरंटी घेताना जागा तुमच्या हातात नाही, हे तुम्हाला पहिल्यापासून ठाऊक असतं आणि त्यासाठी सवलतही मिळालेली असते. बोली लावताना मात्र हातात असलेली जागा तुम्ही सोडून देता, आणि त्याचे वर पैसे भरता. बोली प्रकारासाठी असते, नंबरासाठी नसते. वरच्या प्रकारात कुठलीही केबिन मिळू शकते.

आमच्या सोसायटीतल्या एका काकांच्या घरी हे घडलं. काकूंना गाडी घाटात वळायला लागली की चक्कर येते, म्हणून काकांनी जहाजाचा नकाशा छापून आणून, त्यावर पेन्सिलने खुणा करून, खालच्या डेकवरची अगदी मधली, खिडकीची केबिन निवडली होती. त्यासाठी थोडे जास्तही दिले होते. मग ईमेल आला आणि पुण्याच्या मुलाने आईबाबांना आनंद व्हावा म्हणून बाल्कनीसाठी बोली लावली. ती लागली. नवी केबिन वरच्या डेकवर, जवळजवळ जहाजाच्या नाकाशी. काकू नंतर एवढंच म्हणाल्या, ‘अहो, बाल्कनी छानच होती, पण मी तिच्यात बसले कधी?’ मुलाचा हेतू किती चांगला होता हे दिसतं, म्हणूनच मला याचं फार वाईट वाटतं. बोलीच्या पानावर जागा बदलेल असं लिहिलेलं असतं, पण बाल्कनीचा मोठा फोटो वर असतो आणि ती ओळ खाली.

काकांनी पेन्सिलने केलेल्या त्या खुणा अगदी बरोबर होत्या. लाटांवर जहाजाचं नाक वर-खाली होतं तेव्हा सगळ्यात जास्त हालचाल दोन्ही टोकांना जाणवते आणि मध्यावर सगळ्यात कमी. डाव्या-उजव्या कलण्याचा झोका जितकं वर जावं तितका मोठा होतो. त्यामुळे ज्यांना मळमळतं त्यांच्यासाठी मधली आणि खालची केबिन खरोखर वेगळी असते. आवाजाचंही तसंच. पोहण्याच्या तलावाच्या डेकखाली झोपलात तर पहाटे खुर्च्या ओढल्याचे आवाज ऐकू येतात. थिएटर किंवा नाचाच्या हॉलवर झोपलात तर रात्री उशिरापर्यंत ठेका पोचतो. अगदी पुढच्या खालच्या केबिनमध्ये बंदर आलं हे घड्याळ न बघता कळतं, कारण जहाज धक्क्याला लावताना पुढच्या बाजूचे आडवे पंखे घुमू लागतात आणि सगळी केबिन थरथरते. दोन केबिनना जोडणारं मधलं दार असेल तर शेजाऱ्यांचं बोलणंही आपल्याकडे येतं. खिडकीच्या केबिनची गॅरंटी घेतली तर खिडकीसमोर लाइफबोट टांगलेली निघण्याची शक्यता असते. बऱ्याच कंपन्या अशा अडलेल्या खिडक्यांचा वेगळा, स्वस्त प्रकार ठेवतात, पण गॅरंटीत तो धरला आहे की नाही हे विचारूनच घ्यावं. रॉयल कॅरिबियनच्या ‘ओअ‍ॅसिस’ वर्गाच्या जहाजांवर, म्हणजे २००९पासून आलेल्या त्या अवाढव्य जहाजांवर, काही बाल्कन्या समुद्राकडे उघडतच नाहीत. त्या जहाजाच्या पोटातल्या बागेकडे बघतात. बाल्कनी या शब्दावर विसंबून पैसे भरण्याआधी हे एकदा बघून घ्या.

कुटुंबाने जायचं असेल तर माझं मत स्पष्ट आहे: दोन केबिन लागणार असतील आणि त्यात आजी किंवा लहान मुलं असतील, तर गॅरंटी घेऊ नका. दोन गॅरंटी केबिन शेजारी येतीलच असं नाही, एकाच डेकवरही येतीलच असं नाही. दोन बुकिंग एकमेकांना जोडून ठेवली तर जेवायला एका टेबलावर बसायची सोय होते. केबिन शेजारी येतात असं नाही. मुलांची केबिन आईबाबांच्या लगत किंवा समोर हवी, असा नियमही अनेक कंपन्यांचा आहे. व्हीलचेअरची सोय लागणाऱ्यांनी तर नंबर लिहून घेतल्याशिवाय पैसे भरूच नयेत, कारण रुंद दाराच्या त्या केबिन मोजक्या असतात.

याउलट दोघंच जाणारं जोडपं, दोघांनाही समुद्र लागत नाही, दिवसभर वरच्या डेकवर राहणार आणि केबिनमध्ये फक्त झोपायला येणार, अशांनी गॅरंटी खुशाल घ्यावी. आतल्या केबिनची घेतली तर आणखी सोपं, कारण तिथे नजारा हुकण्याचा प्रश्नच नाही. दोन दरांतला फरक अगदी किरकोळ असेल तेव्हा मात्र नंबर निवडून घ्यावा. कधी कधी बाल्कनीची गॅरंटी खिडकीच्या निवडलेल्या केबिनपेक्षाही स्वस्त दिसते. तेव्हा घरात बसून एकमेकांना एकच प्रश्न विचारा: आपल्याला बाल्कनी हवी आहे की मधली जागा? दोन्ही हवं असेल तर दोन्हींचे पैसे मोजून नंबर घ्या.

बोली लावायचीच असेल तर ज्यांची केबिन गॅरंटीची आहे, किंवा ज्यांना आपल्या नंबराची फारशी फिकीर नाही, त्यांनी लावावी. त्यांच्या हातून निवडलेली जागा जाण्याचा प्रश्न येत नाही. तरी आधी विचारून घ्या; काही स्वस्त भाड्यांवर बोलीची सोय नसते. आणि बोलीची रक्कम ठरवण्याआधी त्याच वरच्या प्रकाराचा आजचा थेट दर बघा. पुष्कळदा फरकाची रक्कम भरून, नंबर निवडून, थेट वर जाता येतं आणि बोलीपेक्षा ते थोडंसंच महाग पडतं.

निवडलेल्या केबिनबद्दलही एक गोष्ट सांगायला हवी. करारात कंपनीने केबिन बदलण्याचा अधिकार राखून ठेवलेला असतो, आणि काही वेळा चांगल्या हेतूने, फुकटात, ती तुम्हाला वरच्या प्रकारात हलवते. ज्यांना मधलीच जागा हवी आहे त्यांना हे नको असतं. बुकिंग करतानाच एजंटला सांगा की आमच्या बुकिंगवर ‘अपग्रेड नको’ अशी नोंद करा. बऱ्याच कंपन्यांच्या यंत्रणेत ती सोय असते. एजंट तोंडी हो म्हणाला म्हणून निघून येऊ नका. नोंद झाल्याचा ईमेल मागून घ्या. आणि घरातल्या ज्या कुणाच्या पत्त्यावर कंपनीचे ईमेल जातात, त्यालाही सांगून ठेवा की बोलीचं आमंत्रण आलं तर आधी फोन करायचा.