फ्ला कोण आणि फ्लू कोण?

2025 च्या जूनमध्ये फुटबॉलच्या क्लब विश्वचषकात इंग्लंडच्या चेल्सीला ब्राझीलमधल्या रिओच्या एका क्लबने 3-1 असं लोळवलं. तीनेक आठवड्यांनी उपांत्य फेरीत चेल्सीने रिओच्या क्लबला 2-0 हरवलं. जागरण करून सामने पाहणाऱ्या आपल्याकडच्या किती जणांना वाटलं असेल की चेल्सीने हिशेब चुकता केला! पण चुकता कसला, पहिला क्लब फ्लामेंगो होता आणि दुसरा फ्लुमिनेन्से. शहर एक, घरचं मैदान (माराकाना) एक, नावाची सुरुवातही एकच. गुणफलकावर FLA किंवा FLU अशी तीन अक्षरं दिसतात, त्यातलं शेवटचं नीट वाचलं नाही की घोटाळा झालाच.

आधी नावांचं बघू. रिओ शहरात राहणारा तो कारिओका आणि रिओ दि जानेरो राज्यातला तो फ्लुमिनेन्से. शब्दाचं मूळ लॅटिनमध्ये आहे, अर्थ नदीशी जोडलेला. फ्लामेंगो हे रिओतल्या एका समुद्रकिनाऱ्याचं आणि वस्तीचं नाव. ठाणे खाडीत हिवाळ्यात येणाऱ्या रोहित पक्ष्यांशी, म्हणजे फ्लेमिंगोंशी, या क्लबचं काही नातं नाही. त्याचा पक्षी वेगळाच आहे, त्याच्याकडे येतोच.

टीव्हीवर ओळखायचं असेल तर पट्ट्यांकडे बघा. लाल-काळे आडवे पट्टे म्हणजे फ्लामेंगो. गडद डाळिंबी, हिरवा आणि मध्ये बारीक पांढरा असे उभे पट्टे म्हणजे फ्लुमिनेन्से. या तीन रंगांवरून त्यांना 'त्रिकोलोर' म्हणतात.

खरी गुंतागुंत मात्र पट्ट्यांत नाही, जन्मात आहे. फ्लामेंगो 1895 मध्ये स्थापन झाला, पण होड्या वल्हवण्याच्या शर्यतींसाठी. त्याच्या अधिकृत नावात आजही 'रेगातास' म्हणजे नौकाशर्यती आहेत, फुटबॉल नाही. फ्लुमिनेन्से 1902 मध्ये ऑस्कर कॉक्स या तरुणाने फुटबॉलसाठीच काढला. म्हणजे क्लब म्हणून फ्लामेंगो थोरला आणि फुटबॉलमध्ये फ्लुमिनेन्से. सुरुवातीला दोघांचं उत्तम जमायचं. तीच श्रीमंत घरांतली पोरं एकीकडे वल्ही मारत आणि दुसरीकडे फुटबॉल खेळत.

1911 मध्ये फ्लुमिनेन्से रिओचा विजेता ठरला आणि त्याच वर्षी घर फुटलं. संघनिवडीवरून वाद झाला. आल्बेर्तो बोर्जेर्थ हा खेळाडू फ्लामेंगोसाठी वल्हीही मारायचा. तो बाहेर पडला आणि त्याच्याबरोबर विजेत्या संघातले बहुतेक सगळे गेले. अकरांपैकी नऊ! त्यांनी फ्लामेंगोत फुटबॉलचा विभाग उघडायला लावला. होडीवाल्यांना हे फारसं रुचलं नव्हतं, आपली पट्ट्यांची जर्सी त्यांनी फुटबॉलवाल्यांना सुरुवातीला घालू दिली नाही. 7 जुलै 1912 ला दोघे पहिल्यांदा समोरासमोर आले. विजेते फ्लामेंगोत, उरलेसुरले फ्लुमिनेन्सेत, तेव्हा निकाल ठरल्यातच जमा होता. पण उरलेसुरले 3-2 जिंकले.

त्यामुळे 'फ्लुमिनेन्से अमीरउमरावांचा, फ्लामेंगो गरिबांचा' हे जे सर्रास सांगितलं जातं, ते जन्मापुरतं तरी चूक आहे. दोन्ही एकाच बैठकीतले. फरक नंतर पडत गेला. लारांजेइरास वस्तीत फ्लुमिनेन्सेचं स्वतःचं देखणं मैदान होतं, 1914 मध्ये ब्राझीलच्या राष्ट्रीय संघाचा पहिला सामना तिथेच झाला. फ्लामेंगोच्या फुटबॉलवाल्यांकडे सुरुवातीला मैदानच नव्हतं. ते उघड्यावर, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर सराव करायचे आणि पोरंटोरं भोवती जमायची. 1936 मध्ये फ्लामेंगोने लिओनिदास आणि दोमिंगोस दा गिया हे त्या काळचे सर्वांत गाजलेले कृष्णवर्णीय खेळाडू घेतले. मग रेडिओ आला. रिओतलं प्रक्षेपण दूरच्या प्रांतांत ऐकू जाऊ लागलं आणि रिओ कधी न पाहिलेली माणसंही फ्लामेंगोची झाली. आज ब्राझीलमध्ये सर्वाधिक चाहते याच क्लबचे आहेत.

दोघांनीही मिळालेली शिवी अंगाखांद्यावर मिरवली, हे मला फार आवडतं. फ्लुमिनेन्सेचा कार्लोस आल्बेर्तो नावाचा मिश्रवर्णीय खेळाडू 1914 मध्ये चेहऱ्याला तांदळाची पावडर लावून उतरला, घामाने ती ओघळली आणि प्रतिस्पर्धी प्रेक्षक 'पो दि आरोस', म्हणजे तांदळाची पावडर, असं ओरडू लागले अशी कथा आहे. रंग लपवायला लावली की दाढीनंतर नेहमीच लावायचा, यावर अजून वाद चालतो. पण आज संघ मैदानात उतरताना त्रिकोलोर चाहते स्वतःच पांढऱ्या पावडरचे ढग उडवतात. फ्लामेंगोच्या चाहत्यांना, त्यातल्या गरीब कृष्णवर्णीयांना, 'उरुबू' म्हणून हिणवत. उरुबू म्हणजे काळं गिधाड. 1969 मध्ये काही चाहत्यांनी खरंखुरं गिधाड माराकानात नेलं आणि क्लबचा झेंडा बांधून सोडून दिलं. त्या दिवशी रिओच्याच बोताफोगो क्लबवर 2-1 असा विजय मिळाला आणि गिधाड क्लबचं मानचिन्ह झालं.

सामन्याला 'फ्ला-फ्लू' म्हणतात. हे नाव रुजवणारे पत्रकार मारिओ फिल्यो, आणि माराकानाचं अधिकृत नाव त्यांच्याच नावावरून आहे. रिओचं विजेतेपद ठरवणाऱ्या 1963 च्या फ्ला-फ्लूला तिकीट काढून आलेलेच 1,77,020 होते. गोल शून्य, विजेतेपद फ्लामेंगोला. 1941 चा किस्सा त्याहून रंगतदार. फ्लामेंगोचं मैदान तलावाकाठी, फ्लुमिनेन्सेला बरोबरी पुरेशी, तेव्हा वेळ काढायला त्यांचे खेळाडू चेंडू थेट पाण्यात भिरकावू लागले. सामना 2-2 सुटला, विजेतेपद फ्लुमिनेन्सेला. शेवटी वल्हवणाऱ्यांच्या क्लबला पाण्यानेच दगा दिला म्हणायचा! 1995 मध्ये फ्लामेंगोची शताब्दी होती, ब्राझीलचा विश्वविजेता रोमारिओ आणला होता, अंतिम लढतीत बरोबरीही चालणार होती. फ्लुमिनेन्सेच्या रेनातो गाऊशोच्या पोटाला लागून चेंडू जाळ्यात गेला आणि त्रिकोलोर 3-2 जिंकले.

नशिबाचा आलेख मात्र दोघांचा अजिबात सारखा नाही. फ्लामेंगो पहिल्या विभागातून कधीच खाली घसरला नाही. त्याचा सोन्याचा काळ झिकोचा: 1981 मध्ये कोपा लिबर्तादोरेस, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या क्लबांचा सर्वांत मोठा चषक, आणि डिसेंबरात टोकियोत लिव्हरपूलवर 3-0. हाच झिको 2014 ते 2016 एफसी गोवाचा प्रशिक्षक होता आणि 2015 मध्ये त्याने संघाला फातोर्ड्यात इंडियन सुपर लीगच्या अंतिम फेरीपर्यंत नेलं. म्हणजे मडगावात ज्याच्या नावाने टाळ्या पडल्या तो फ्लाचा, फ्लूचा नव्हे. मधली वर्षं कर्जात गेली, 2013 पासून हिशेब ताळ्यावर आले, आणि 2019, 2022, 2025 असे आणखी तीन लिबर्तादोरेस घरी आले.

फ्लुमिनेन्से 1997 मध्ये दुसऱ्या विभागात गेला आणि पुढच्याच वर्षी तिसऱ्या. ब्राझीलच्या 1994 च्या विश्वविजेत्या संघाचे प्रशिक्षक कार्लोस आल्बेर्तो पारेरा यांनी 1999 मध्ये त्याला तिथून वर काढलं. 2000 ची स्पर्धा वेगळ्या रचनेची होती, त्यात त्याला थेट वरच्या गटात जागा मिळाली. दुसरा विभाग न खेळता वर आल्याचा टोमणा प्रतिस्पर्धी अजून मारतात. 2008 मध्ये माराकानात लिबर्तादोरेसची अंतिम फेरी पेनल्टीवर हुकली. ती जखम भरली 4 नोव्हेंबर 2023 ला, त्याच मैदानात. अर्जेंटिनाच्या बोका ज्युनिअर्सवर 2-1, जादा वेळेत जॉन केनेडीचा गोल. गोल केला आणि जल्लोषाच्या भरात प्रेक्षकांत शिरला म्हणून तो लगेच बाहेरही काढला गेला.

आज पैसा फ्लामेंगोकडे आहे. 'उच्चभ्रू' फ्लुमिनेन्से आपल्या शेरें इथल्या अकादमीतली पोरं विकून घर चालवतो. 2025 च्या त्या उपांत्य सामन्यात चेल्सीचे दोन्ही गोल करणारा जुआँव पेद्रो तिथलाच, आणि त्याने ते साजरे केले नाहीत. फ्लामेंगोसाठी गोलांची रास घालणारा पेद्रो आणि त्यांचा कर्णधार राहिलेला जेर्सन हेही तिथलेच, युरोपला वळसा घालून पलीकडच्या बाजूला आलेले.

आणि माराकाना? ते दोघे मिळून चालवतात. 2024 मध्ये सही झाली, करार 20 वर्षांचा.