ज्येष्ठांची वसाहत म्हणजे वृद्धाश्रम नव्हे

'आईवडील ज्येष्ठांच्या वसाहतीत गेले, म्हणजे मुलांनी टाकले,' असा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. त्यामागची काळजी खरी आहे, पण त्यात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत झाली आहे.

२००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात ज्या वृद्धाश्रमांची तरतूद आहे, ते निराधार ज्येष्ठांसाठी. वसाहतीत मात्र माणूस स्वतः करार करून सदनिका विकत किंवा भाड्याने घेतो. किल्ली त्याचीच, स्वयंपाकघरही त्याचंच. जेवणघर आणि वैद्यकीय मदत जोडीला. आईवडिलांना वाऱ्यावर सोडणं हा याच कायद्यानुसार गुन्हा आहे, तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. स्वखुशीने घर बदलणं त्यात मोडत नाही. मुलांची जबाबदारीही त्यामुळे संपत नाही.

'तिथे नुसते दिवस मोजायचे' हे कसं पडताळाल? आधी न कळवता संध्याकाळी जा आणि सूचनाफलक वाचा. कोजागिरीचं मसाला दूध, भजन, कॅरमच्या स्पर्धा असं काही लिहिलेलं दिसेल. पण ते कोण ठरवतं, हे रहिवाशांनाच विचारा. माझ्या मते हाच कळीचा प्रश्न आहे. वर्गणी गोळा करणारे, सतरंज्या घालणारे रहिवासीच असतील, तर तिथे शेजार आहे. सगळं व्यवस्थापनच करत असेल, तर जरा थांबा.

मग करारनामा मागा: मालकी कोणाची, देखभालखर्च किती वाढू शकतो, अंथरुणाला खिळल्यास काय सोय, जोडीदाराच्या पश्चात काय. उत्तरं लेखी घ्या.