वैद्यकीय व्यावसायिक दायित्व विमा

डॉक्टरच्या निष्काळजीपणामुळे रुग्णाला हानी पोहोचल्याचा दावा झाल्यास त्यातून येणारी नुकसानभरपाईची कायदेशीर जबाबदारी आणि बचावाचा खर्च ठरलेल्या मर्यादेपर्यंत उचलण्याचा विमा कंपनीशी केलेला करार. मुंबईतील डॉक्टरांच्या बोलण्यात तो नुसता ‘इन्डेम्निटी’ म्हणून ओळखला जातो. ब्रिटनमध्ये २०१४ पासून प्रत्येक डॉक्टरकडे असे संरक्षण असणे कायद्याने आवश्यक आहे. भारतात तशी सक्ती नाही. तथापि मुंबईतील अनेक खाजगी रुग्णालये कन्सल्टंटला ‘अटॅचमेंट’ (रुग्णालयात रुग्ण पाहण्याची व दाखल करण्याची मुभा) देताना चालू विमापत्राची प्रत मागतात.

या विम्याचा उगम १८८५ मध्ये लंडनमध्ये स्थापन झालेल्या ‘मेडिकल डिफेन्स युनियन’पर्यंत नेला जातो. मात्र ही डॉक्टरांची परस्परसाहाय्य संस्था होती व सदस्याला मदत करायची की नाही हे तिच्या विवेकावर अवलंबून असे. करारातून मिळणारा हक्क हे विम्याचे मुख्य लक्षण मानले, तर तिला या विम्याचा आरंभ न म्हणता पूर्वरूप म्हणणे अधिक योग्य ठरते.

भारतात हा विमा केव्हा रुजला याबाबत दोन प्रकारे कालनिश्चिती करता येते. पहिलीनुसार १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा हा आरंभबिंदू होय. परंतु डॉक्टरची सेवा या कायद्याखाली येते की नाही, हेच पुढे काही वर्षे अनिर्णित होते : राष्ट्रीय ग्राहक आयोगाने १९९२ मध्ये ती येते असे म्हटले, तर मद्रास उच्च न्यायालयाने १९९४ मध्ये याच्या उलट मत दिले. इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १३ नोव्हेंबर १९९५ रोजी शुल्क घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा कायद्याच्या कक्षेत आणली. तोपर्यंत रुग्णापुढे मुख्यतः दिवाणी न्यायालयाचाच मार्ग होता आणि तो किती लांबचा होता हे पुण्यातील एका प्रकरणावरून दिसते. मांडीचे हाड मोडलेल्या तरुणाचा १९५३ मध्ये उपचारांदरम्यान मृत्यू झाला. वडिलांना मिळालेल्या ३,००० रुपयांच्या भरपाईवर सर्वोच्च न्यायालयाने शिक्कामोर्तब केले ते १९६८ मध्ये. अशा गतीच्या आणि एवढ्या रकमेच्या जोखमीसाठी दरवर्षी हप्ता भरण्याची निकड फारशी भासली नसावी. म्हणून दुसऱ्या कालनिश्चितीनुसारचे, म्हणजे या निकालाचे, १९९५ हेच वर्ष अधिक ग्राह्य वाटते.

२०१९ च्या नव्या ग्राहक संरक्षण कायद्यातील ‘सेवा’ या व्याख्येत आरोग्यसेवेचा उल्लेख नसल्याने डॉक्टर वगळले गेले, असा मुद्दा मुंबई उच्च न्यायालयात मांडण्यात आला. न्यायालयाने तो ऑक्टोबर २०२१ मध्ये फेटाळला व सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये त्यात हस्तक्षेप केला नाही. मे २०२४ मध्ये वकिलांच्या सेवेविषयी निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाच्या द्विसदस्य पीठाने १९९५ च्या निकालाच्या फेरविचाराची आवश्यकता सुचविली होती. परंतु नोव्हेंबर २०२४ मध्ये त्रिसदस्य पीठाला त्याची गरज वाटली नाही.

विमापत्र सामान्यतः ‘क्लेम्स-मेड’ तत्त्वावर असते. म्हणजे दावा ज्या वर्षी दाखल होतो त्या वर्षीचे विमापत्र लागू होते, शस्त्रक्रिया ज्या वर्षी झाली त्या वर्षीचे नव्हे. मात्र मूळ घटना पूर्वलक्षी तारखेनंतरची असावी लागते. ही तारीख बहुधा पहिल्या विमापत्राच्या आरंभाची असते आणि खंड न पडू देता नूतनीकरण केले तरच टिकते. विमा अधिनियम, १९३८ च्या कलम ६४ व्हीबीनुसार हप्ता जमा झाल्याशिवाय जोखीम सुरू होत नाही. त्यामुळे नूतनीकरणाचा धनादेश चार दिवस उशिरा पोहोचला, तर मागील दहा वर्षांतील घटनांचे संरक्षणही धोक्यात येऊ शकते. ग्राहक आयोगाकडे तक्रार करण्याची मुदत दोन वर्षांची असल्याने, आणि अज्ञान (वयाने लहान) रुग्णाच्या बाबतीत दिवाणी दाव्याची मुदत तो सज्ञान झाल्यानंतरही काही काळ लांबू शकत असल्याने, प्रसूतितज्ज्ञ व बालरोगतज्ज्ञ यांना हा मुद्दा विशेष लागू पडतो. व्यवसाय थांबविणाऱ्या डॉक्टरलाही नंतर येणाऱ्या दाव्यांसाठी वेगळी तरतूद करावी लागते. खरेदीच्या वेळी चर्चा मात्र बहुधा विमारकमेचीच होते.

विमारकमेतही एक बारकावा आहे. एका दाव्याची मर्यादा आणि वर्षभराची मर्यादा यांचे गुणोत्तर १:१ ते १:४ असे ठरविता येते. एक कोटी रुपयांच्या विमापत्रात ते १:४ असेल, तर एका दाव्यापोटी २५ लाखांपेक्षा अधिक मिळत नाही आणि वकिलाचे शुल्कही पुष्कळदा त्यातूनच जाते. कोलकात्यातील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सुमारे सहा कोटी रुपयांची भरपाई मंजूर केल्यानंतर अशा विमापत्रांचा अपुरेपणा उघड झाला.

हप्ता शाखेनुसार बदलतो. शस्त्रक्रिया न करणाऱ्या फिजिशियनपेक्षा शल्यचिकित्सक व भूलतज्ज्ञ यांचा दर अधिक असतो. प्रस्तावपत्रात पदव्या, वैद्यक परिषदेकडील नोंदणी, कामाची ठिकाणे, पात्र व अपात्र सहायक आणि पूर्वी आलेल्या नोटिसा नमूद कराव्या लागतात. सकाळी गिरगाव, दुपारी दादर आणि संध्याकाळी बोरिवली अशा तीन ठिकाणी काम करणाऱ्या शल्यचिकित्सकाला रुग्णालयाच्या ‘एरर्स अँड ओमिशन्स’ (चुका व कसूर) विमापत्रावर विसंबता येत नाही, कारण ते मुख्यतः संस्थेची जबाबदारी सांभाळते आणि दाव्यात दोघे प्रतिवादी झाल्यावर त्यांचे हितसंबंध एकच राहतात असे नाही. वकिलाची पहिली नोटीस येताच कंपनीला लेखी कळविणे आणि तिच्या संमतीवाचून चूक मान्य न करणे वा तडजोड न करणे, या अटी बहुतेक विमापत्रांत असतात.

मद्याच्या वा अमली पदार्थाच्या अंमलाखाली केलेले उपचार, गुन्हेगारी कृत्य, दंड आणि नोंदणीच्या कक्षेबाहेरचा व्यवसाय यांना साधारणतः संरक्षण नसते. शेवटचा अपवाद मुंबईत अधिक महत्त्वाचा आहे. होमिओपॅथीची पात्रता असताना ॲलोपॅथीची औषधे देणाऱ्या मुंबईतील एका डॉक्टरच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये हे कृत्य स्वतःच निष्काळजीपणा ठरविले व तीन लाख रुपयांची भरपाई दिली. महाराष्ट्राने २०१४ मध्ये आधुनिक औषधशास्त्राचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम केलेल्या होमिओपॅथांना मर्यादित मुभा देणारी दुरुस्ती केली. तिला न्यायालयात आव्हान दिले गेले. त्यामुळे अशा डॉक्टरने आपल्या कामाचे स्वरूप प्रस्तावपत्रात स्पष्ट लिहून कंपनीची लेखी स्वीकृती घेणे इष्ट होय.

निष्काळजीपणाने मृत्यू घडविल्याबद्दल भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली होणारी शिक्षा कोणत्याही विम्याने टळत नाही. काही विमापत्रांत फौजदारी बचावाचा खर्च तेवढा जोडून मिळतो. सर्वांना विनामूल्य सेवा देणारी रुग्णालये १९९५ च्या निकालानुसार ग्राहक कायद्याबाहेर असून नाममात्र नोंदणीशुल्काने त्यांची स्थिती बदलत नाही. तेथील डॉक्टरांविरुद्ध दिवाणी दावा मात्र होऊ शकतो.