बेस गिटारीचे पिकअप आणि स्विचबदल (ग्रामीण विदर्भ)

इलेक्ट्रिक बेस गिटारीचे मूळ पिकअप काढून दुसरे बसवणे, किंवा आहेत त्याच पिकअपांची जोडणी स्विचने हवी तशी फिरवता येईल अशी करणे, या कामाची ही नोंद आहे. ग्रामीण विदर्भात बेस गिटार मुख्यतः तीन ठिकाणी दिसते : लग्नसमारंभांतले ऑर्केस्ट्रा, १४ एप्रिलपासून पुढे उन्हाळ्यात रंगणारे भीमगीतांचे कार्यक्रम, आणि चर्चमधली गायनमंडळे. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांत खर्जाची बाजू बहुधा ऑर्गन वा कीबोर्ड वाजवणाऱ्याच्या डाव्या हाताकडे असते. बेस गिटार तिथे क्वचितच येते. स्टुडिओत वाजवणारा वादक आवाजाच्या छटा वाढाव्यात म्हणून हा बदल करतो. गावोगावच्या मंचावर वाजवणाऱ्याची पहिली गरज वेगळी आहे. गिटारीतून येणारी घरघर थांबली पाहिजे आणि भोंग्यांतून, पेट्यांतून बेसचे सूर ओळखू आले पाहिजेत. पुढचे सगळे निर्णय या गरजेवर तपासून घ्यावेत.

पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती गुंडाळलेली बारीक तांब्याची तार. पोलादी तार कंप पावली की चुंबकीय क्षेत्र हलते आणि कॉइलमध्ये अगदी लहान विद्युतदाब निर्माण होतो. अ‍ॅम्प्लिफायर तोच मोठा करतो. लिओ फेंडर यांच्या कंपनीने १९५१ मध्ये प्रिसिजन बेस बाजारात आणली. तिच्यात एकच कॉइल होती. १९५७ मध्ये त्याच गिटारीला दोन तुकड्यांचा पिकअप आला, दोन तारांना एक तुकडा, उरलेल्या दोन तारांना दुसरा. १९६० मध्ये जॅझ बेस आली, तिच्यात दोन स्वतंत्र एकेरी (एकाच कॉइलचे) पिकअप होते. आज बाजारात मिळणाऱ्या बहुतेक स्वस्त बेस गिटारी या दोन साच्यांतल्याच असतात, त्यामुळे बदली पिकअपही त्याच मापांचे सहज मिळतात. गिटार कोणत्या साच्याची आहे हे ओळखणे ही या कामाची पहिली पायरी. पिकअप मागवण्याआधी त्याची लांबी-रुंदी आणि स्क्रूच्या भोकांतले अंतर मोजून घ्यावे. जॅझ बेसचे पुढचे-मागचे पिकअप अनेकदा एकाच लांबीचे नसतात, आणि नवा पिकअप दोन-तीन मिलिमीटरने खाचेत न बसणे ही नेहमीची अडचण आहे.

एकेरी कॉइल तारेचे कंपन पकडते तशीच भोवतालच्या वायरिंगमधली विजेची लहरही पकडते. भारतात वीजपुरवठ्याची वारंवारता ५० हर्ट्झ आहे. घरघर ५० वर ऐकू येतेच, शिवाय १०० आणि त्यापुढच्या पटींतही येते. बेस गिटारीच्या चार मोकळ्या तारा सुमारे ४१, ५५, ७३ आणि ९८ हर्ट्झच्या असतात. जाड तारेवर तिसऱ्या पडद्याला (फ्रेटला) मिळणारा जी हा सूर ४९ हर्ट्झचा, आणि सर्वांत बारीक मोकळी तार ९८ ची. घरघर या दोन्ही सुरांना जवळजवळ चिकटून बसते, पण पूर्ण मिळत नाही. म्हणून पांढरी पाचवर (हार्मोनियमच्या पट्टीतला हाच जी) गाणे लागले की षड्जावर सेकंदाला एक आणि वरच्या सप्तकात सेकंदाला दोन अशा लाटा उठतात. काळी चारवर गाणाऱ्याचा षड्ज आणि काळी एकवर गाणाऱ्याचा पंचम ५२ हर्ट्झच्या आसपास येतो, तिथे ही घरघर उघड बेसूर लागते. गायकाला काहीतरी खटकते, त्याला कारण सापडत नाही, आणि दोष बहुतेक वेळा गिटार जुळवण्यावर ढकलला जातो.

यावरचा उपाय जुना आहे. दोन कॉइल एकमेकींच्या उलट गुंडाळायच्या आणि त्यांचे चुंबकही उलटे ठेवायचे. बाहेरची लहर दोन्हींत परस्परविरुद्ध येते आणि मिटते. तारेचा आवाज मात्र दोन उलटांमुळे सुलटा होऊन जोडला जातो. गिब्सन कंपनीसाठी सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये याच तत्त्वावरच्या पिकअपच्या पेटंटचा अर्ज केला. १९५७ नंतरचा प्रिसिजनचा दोन तुकड्यांचा पिकअप याच तत्त्वावर चालतो, म्हणून तो स्वभावतःच शांत. जॅझ बेसचे दोन पिकअप एकमेकांना उलट असतील तर दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडे असेपर्यंत घरघर मिटते, एक जरा कमी केला की परत येते. प्रिसिजनच्या पिकअपमागे जॅझचा एकेरी पिकअप जोडण्याची हौस बऱ्याच वादकांना असते. पुढचा पिकअप आपली घरघर आपल्यातच मिटवतो, त्यामुळे मागच्याची घरघर मिटवायला कोणीच उरत नाही. तिथे एकेरी आकारात दोन कॉइल असलेला पिकअपच घ्यावा. किंमत थोडी जास्त पडते, पण गावातल्या मंचासाठी हा खर्च टाळू नये.

पिकअप बदलून सगळी घरघर जात नाही, कारण काही घरघर अर्थिंगची असते. कार्यक्रमाला वीज शेजारच्या घरातून किंवा डेकोरेशनवाल्याच्या जनरेटरवरून येते. तीन पिनांच्या बोर्डाला तिसरी तार पोहोचलेलीच नसते. अशा ठिकाणी गिटारीच्या तारा, ब्रिजखालची (तारा अडकवण्याच्या धातूच्या भागाखालची) वायर आणि अ‍ॅम्प्लिफायरची पत्र्याची पेटी हे सगळे एकमेकांना जोडलेले, पण जमिनीशी कोणाचाच संबंध नाही, अशी अवस्था होते. अ‍ॅम्प्लिफायरमध्ये बिघाड झाला तर वीज तारांवर येते आणि वादकाचे ओठ माइकला लागले की झटका बसतो. यात जीव जाऊ शकतो. म्हणून पिनेची अर्थिंग कापून घरघर घालवण्याचा प्रकार कधीही करू नये. लोखंडी सळई ओल्या जमिनीत ठोकून घेतलेली अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) ही किमान तयारी हवी. जनरेटरवर न्यूट्रल जमिनीला जोडलेला नसेल, तर आरसीसीबीचाही भरवसा धरता येत नाही. ईएमजी कंपनीच्या पिकअपांसारख्या सक्रिय (बॅटरीवर चालणाऱ्या) पिकअपांत ब्रिजला वायर जोडण्याची गरज नसते. वायर न जोडल्याने वादकाच्या हातांशी येणारी ही वाट बंद होते. ईएमजी निवडण्याचे हे एक चांगले कारण आहे, आवाजाचे मत काहीही असो.

ग्रामीण भागात हे काम करणारे हात आहेत. टीव्ही-रेडिओ दुरुस्त करणारा मिस्त्री, साउंड सर्व्हिसवाल्याकडचा पोरगा, सुतार, आणि शेतीपंपाच्या मोटारी भरणारा कारागीर असे सगळे मिळून ते पार पडते. मोटारी भरणाऱ्याकडे जळालेला पिकअप पुन्हा गुंडाळून मागण्याची पाळी कधीकधी येते. कल्पना चुकीची नाही, तत्त्व तेच आहे. पण पिकअपची तार सुमारे ०.०६ मिलिमीटर जाडीची, म्हणजे केसासारखी असते आणि तिचे हजारो वेढे द्यावे लागतात. मोटारीच्या वायंडिंगची तार याच्या कितीतरी पट जाड. हाताला सवय झालेल्या ताणाने ही बारीक तार लगेच तुटते. पंख्यांच्या कॉइल भरणारा, हात हलका असलेला कारागीर असेल तर प्रयत्न करता येतो. एरवी नवा पिकअप मागवणेच बरे.

नवा पिकअप हाती आला की मल्टिमीटरवर रोध तपासावा. प्रिसिजनच्या पिकअपचा साधारण १० ते ११ किलोओहम आणि जॅझच्या प्रत्येकाचा ७ ते ८ किलोओहम येतो. इथे विदर्भाच्या उन्हाचा हिशेब करावा लागतो. तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.३९ टक्के वाढतो. कंपनीचा आकडा २० अंशांचा धरला, तर मे महिन्यात ४५ अंशांच्या खोलीत तोच पिकअप जवळपास १० टक्के जास्त दाखवील. दहाच्या जागी अकरा किलोओहम दिसले म्हणून पिकअप परत पाठवू नये. काहीच रोध दिसला नाही, तर मात्र आत तार तुटली आहे.

व्हॉल्यूम आणि टोनसाठी अशा पिकअपांना २५० किलोओहमचे पॉट (बटण फिरवून बदलता येणारे रोध) लागतात. तालुक्याच्या दुकानात हे मूल्य नसेल तर २२० चा चालतो. ४७० चा लावला तर आवाज थोडा उजळ येतो. टोनचा कपॅसिटर ०.०४७ मायक्रोफॅरडचा, अंगावर ४७३ छापलेला. तो कोणत्याही मिस्त्रीच्या डब्यात सापडतो.

स्विचच्या बाबतीत पर्याय पुष्कळ आहेत आणि त्यांतला एकच खरोखर उपयोगी आहे : दोन कॉइल किंवा दोन पिकअप मालिकेत (एकापुढे एक) अथवा समांतर (शेजारी शेजारी) जोडणारा स्विच. समांतर जोडणीत इंडक्टन्स (कॉइलचा वरच्या सुरांना होणारा विरोध) एका कॉइलच्या निम्मा होतो, आवाज स्वच्छ आणि उजळ लागतो. मालिकेत तो दुप्पट होतो. आवाज मोठा, मधल्या पट्टीत भरलेला आणि वरून थोडा बोथट होतो. गावात याचा फायदा कुठे होतो ते नीट पाहिले पाहिजे. झाडाला वा खांबाला बांधलेले लाउडस्पीकरचे भोंगे साधारण ३०० हर्ट्झखाली फारसे काही बाहेर टाकत नाहीत. ४१ किंवा ५५ हर्ट्झचा मूळ सूर भोंग्यातून येतच नाही. श्रोत्याचा कान वरच्या पटींवरून खर्ज ओळखतो, आणि मालिकेतली जोडणी मधला पट्टा भरते म्हणून मागच्या रांगेपर्यंत बेसचा सूर कळतो. याउलट अठरा इंची पेट्यांच्या भिंतीसमोर तोच आवाज ढोलकीच्या घुमाऱ्यात गढूळ होतो. तिथे समांतर लावावा. एकाच हंगामात दोन्ही प्रकारच्या मंचांवर उभे राहणाऱ्या वादकाला हा एक स्विच पुरतो.

त्यासाठी सहा पायांचा डीपीडीटी स्विच (एकाच वेळी दोन जोडण्या बदलणारा) किंवा पुश-पुल पॉट (ओढला-दाबला की तेच काम करणारा) घ्यावा. सहा पाय दोन ओळींत असतात, प्रत्येक ओळीत मधला पाय सामाईक. पहिल्या कॉइलचे गरम टोक (आवाज बाहेर नेणारे) कायम आउटपुटला आणि दुसऱ्या कॉइलचे थंड टोक (ग्राउंडकडचे) कायम ग्राउंडला जोडावे. पहिल्या कॉइलचे थंड टोक डाव्या ओळीच्या मधल्या पायाला, दुसऱ्या कॉइलचे गरम टोक उजव्या ओळीच्या मधल्या पायाला. वरचे दोन पाय एकमेकांना तारेने जोडावेत, ही झाली मालिका. खालचा डावा पाय ग्राउंडला आणि खालचा उजवा आउटपुटला, हे झाले समांतर. जोडणी बरोबर आहे की नाही ते मीटर लगेच सांगतो : साडेसात किलोओहमच्या दोन कॉइल मालिकेत १५ आणि समांतर पावणेचार दाखवतात. जॅझ बेसमध्ये दोन व्हॉल्यूम असतात, तिथे स्विच पॉटच्या आधी यावा लागतो, आणि मालिकेत एकच पॉट सगळा आवाज सांभाळतो. ज्या पिकअपचे थंड टोक आता ग्राउंडवर राहणार नाही, त्याच्या धातूच्या कव्हराची किंवा तळपट्टीची वायर कॉइलपासून तोडून वेगळी ग्राउंडला न्यावी. हे राहिले तर मालिकेत घरघर वाढते आणि दोष विनाकारण स्विचवर जातो.

चार वायरी बाहेर निघणाऱ्या पिकअपमध्ये वायरींच्या रंगांवर विसंबू नये. सेमोर डंकन कंपनीच्या पिकअपात काळी वायर गरम असते, डिमार्झिओ कंपनीच्या पिकअपात लाल. स्वस्त पिकअपात कोणता रंग कुठे जाईल याचा नेम नाही. काट्याचा मीटर कॉइलला लावून चुंबकावर लोखंडी पेचकस टेकवावा आणि झटकन उचलावा. काटा ज्या बाजूला हलतो ती दिशा दोन्ही कॉइलची सारखी असेल तर त्यांचा फेज जुळलेला आहे, म्हणजे दोन्हींचे आवाज एकमेकांना मिटवणार नाहीत. नवा आणि जुना पिकअप एकत्र ठेवताना ही तपासणी न केल्यास दोन्ही उघडताच आवाज पातळ पडतो, खर्ज नाहीसा होतो. काही जण हाच पातळ आवाज मुद्दाम स्विचवर ठेवतात. बेसवर त्याचा उपयोग जवळजवळ शून्य आहे, आणि अंधाऱ्या मंचावर चुकून तो स्विच दाबला गेला तर गाण्याचा आधारच निघून जातो. एक कॉइल बंद करणारा स्विचही इथे नको, कारण त्याने घरघर परत येते.

गिटारीत प्री-अ‍ॅम्प बसवून बॅटरीवर आवाज उचलण्याची पद्धत १९७६ च्या म्युझिक मॅन स्टिंगरे बेसपासून घरोघरी पोहोचली. लांब केबलमध्ये वरचे सूर गळत नाहीत, हा तिचा मोठा फायदा. बॅटरीचे ऋण टोक स्टिरिओ जॅकच्या मधल्या पट्टीला जोडलेले असते, म्हणून केबल खोचलेली राहिली की ९ व्होल्टची बॅटरी संपत राहते. रात्रभराच्या कार्यक्रमाआधी ती बदलावी आणि बॅटरी टाळून थेट पिकअपवर नेणारा स्विच ठेवावाच.

खाच मोठी करायची असल्यास राउटर मिळेलच असे नाही. सुतार पटाशीने ती नीट करतो, फक्त त्याला खोलीची खूण देऊन ठेवावी, नाहीतर पलीकडचे लाकूड फाटते. खाचेला आतून तांब्याची चिकटपट्टी लावून ती ग्राउंडला सोल्डर करावी. पट्ट्यांचे सांधेही सोल्डरने जोडावेत, कारण भंडारा-गडचिरोलीकडच्या पावसाळी दमटपणात चिकट्याचा संपर्क सुटतो. कॉइलचे वेढे हलू नयेत म्हणून पिकअपमध्ये भरलेले मेण साधारण ६० अंशांच्या आसपास वितळते. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीच्या डिक्कीत गिटार ठेवू नये. मेण सुटले की पिकअप मोठ्या आवाजात शिट्टी मारू लागतो.

शेवटी उंची. शेवटच्या पडद्यावर तार दाबून पिकअप आणि तार यांच्यात जाड तारेकडे साधारण ३ आणि बारीक तारेकडे २ मिलिमीटर अंतर ठेवून सुरुवात करावी. पिकअप फार वर आणला तर चुंबक तारेला ओढतो, वरच्या पडद्यांवर सूर हलतो आणि ट्यूनरचा काटा स्थिर राहत नाही. दोन पिकअप असतील तर मागचा थोडा जवळ ठेवावा लागतो, कारण ब्रिजपाशी तार कमी हलते. ही जुळवणी घरातल्या लहान अ‍ॅम्प्लिफायरवर पुरी होत नाही. ज्या साउंडवाल्यासोबत वाजवायचे आहे त्याच्या सेटवर, दिवे आणि जनरेटर चालू ठेवून करावी.