पटकीची साथ आणि सीमेपलीकडची मदत

पटकीच्या म्हणजेच कॉलऱ्याच्या भीतीने देश पहिल्यांदा एका टेबलाभोवती बसले ते १८५१ साली, पॅरिसमध्ये. पण आजाऱ्याला वाचवायचे कसे, हा तिथला विषय नव्हताच. रोग बंदरात शिरू नये आणि व्यापारही बुडू नये, यासाठी जहाजे किती दिवस अडकवायची यावर खल चालला होता. पुढची कित्येक दशके आंतरराष्ट्रीय सहकार्य याच चौकटीत राहिले.

ही चौकट मोडली ती १९७१च्या निर्वासितांच्या छावण्यांत. बांगलादेश मुक्तिसंग्रामाच्या काळात लाखो लोक सीमा ओलांडून पश्चिम बंगालमध्ये आले आणि पटकी पसरली. बनगावच्या रुग्णालयात जमिनीवरही रुग्णांची गर्दी होती आणि शिरेतून द्यायचे सलाईन संपत आले होते. तोंडाने द्यायच्या क्षार-साखरेच्या पाण्याचे प्रयोग ढाक्यात १९६८ मध्ये यशस्वी झाले होते, पण तेही डॉक्टरांच्या देखरेखीखाली. डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा पाण्यात मिसळून ते पिंपांत भरले आणि पाजण्याचे काम रुग्णांच्या नातेवाइकांवर सोपवले. छावण्यांमध्ये २५-३० टक्क्यांच्या घरात गेलेला मृत्युदर त्यांच्या देखरेखीखालच्या रुग्णांमध्ये ४ टक्क्यांच्याही खाली आला. जलसंजीवनी, म्हणजे हेच क्षार-साखरेचे पाणी, साऱ्या जगाने स्वीकारली ती त्यानंतर. माझ्या मते मानवतावादी वैद्यकातली याहून मोठी घटना दाखवणे कठीण आहे, कारण इथे उपचार आईबापांच्या हातात आला.

उपाय माहीत असूनही माणसे मरतात, हे १९९४ साली गोमात दिसले. रवांडातल्या नरसंहारानंतर काही दिवसांतच लाखो निर्वासित तेव्हाच्या झाईरमधल्या (आजच्या काँगो लोकशाही प्रजासत्ताकातल्या) या शहराभोवती जमले. जमीन ज्वालामुखीच्या खडकाची. ना शौचखड्डे खणता येत, ना मृतांना पुरता येत. पहिल्या महिन्यातच सुमारे ५० हजार जण दगावले, बहुतेक पटकी आणि हगवणीने. संस्था पुष्कळ आल्या, पण त्यांच्यात मेळ नव्हता. या अपयशाच्या चौकशीनंतर १९९७ मध्ये ‘स्फिअर’ प्रकल्प सुरू झाला. प्रत्येक माणसाला दिवसाला किमान १५ लिटर पाणी, अमुक माणसांमागे एक शौचालय, असे निकष त्याने घालून दिले.

हैतीचा धडा मात्र सर्वांत कटू. जानेवारी २०१०च्या भूकंपाला वर्षही झाले नव्हते, तोच ऑक्टोबरमध्ये तिथे पटकी उसळली. निदान शंभर वर्षांत या देशात तिची नोंद नव्हती. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेतल्या नेपाळी तुकडीच्या तळावरचा मैला आर्तिबोनित नदीच्या उपनदीत गेला होता, हे पुढे शास्त्रीय पुराव्यांनी स्पष्ट केले. आठ लाखांहून अधिक लोक आजारी पडले, सुमारे दहा हजार मेले. संयुक्त राष्ट्रांचे तेव्हाचे सरचिटणीस बान की-मून यांनी हैतीच्या जनतेची माफी मागितली ती डिसेंबर २०१६ मध्ये. सोबत जाहीर झालेल्या ४० कोटी डॉलरच्या योजनेला सदस्य देशांकडून फारच थोडा पैसा आला. मदतीला आलेल्यांनीच रोग आणला असेल, तर भरपाई ही दयेची बाब राहत नाही. ती देणे ठरते. पीडितांनी दावे लावले, पण संयुक्त राष्ट्रांना असलेल्या कायदेशीर संरक्षणापुढे ते टिकले नाहीत.

तोंडावाटे देण्याच्या लशीचा जागतिक साठा २०१३ पासून आहे. जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ, रेड क्रॉस महासंघ आणि डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स मिळून त्याचे वाटप ठरवतात. साथी वाढल्या आणि साठा अपुरा पडला, म्हणून ऑक्टोबर २०२२ मध्ये उद्रेकाच्या ठिकाणी दोनऐवजी एकच मात्रा देण्याचा निर्णय घ्यावा लागला. त्याच महिन्यात, तीन वर्षांहून अधिक काळ एकही रुग्ण न सापडलेल्या हैतीत पटकी परतली. तिथल्या असंख्य घरांपर्यंत शुद्ध पाण्याचा नळ अजून पोहोचलेला नव्हता.