ट्रान्सप्लांट म्हणायचं, पण टाका एकही नाही

स्टेम सेल ट्रान्सप्लांट, म्हणजे रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी पेशंटला देणं, म्हटलं की डोळ्यासमोर ऑपरेशन थिएटर येतं, हिरवे कपडे, मोठमोठे दिवे वगैरे. प्रत्यक्षात काय होतं, तर सलाइनच्या स्टँडला एक पिशवी लटकवतात, आत गडद लाल रंगाचं जरा दाट दिसणारं काहीतरी, ते छातीत बसवलेल्या नळीतून हळूहळू आत जातं आणि थोड्या वेळात पिशवी रिकामी. पेशंट जागाच असतो, कधीकधी तर मोबाइल बघत पडलेला असतो. पेशी गोठवून ठेवलेल्या असतील तर खोलीत लसणासारखा वास सुटतो, पण तो पेशींचा नसतो, गोठताना त्या फुटू नयेत म्हणून डीएमएसओ नावाचं केमिकल घालतात त्याचा असतो, आणि पुढचा एखादा दिवस पेशंटच्या श्वासालाही तो येत राहतो. जवळचे लोक विचारतात, झालं? एवढंच? हो, एवढंच. त्या दिवसाला ‘डे झिरो’ म्हणतात आणि तिथून मोजणी सुरू, प्लस वन, प्लस टू करत प्लस हंड्रेडपर्यंत.

आता प्रश्न असा की शिरेत सोडलेल्या पेशींना हाडात जायचं हे कळतं कसं? तर मॅरोमधल्या, म्हणजे हाडाच्या आत रक्त जिथे बनतं त्या अस्थिमज्जेतल्या, पेशी एसडीएफ-१ नावाचं एक प्रोटीन सोडत असतात आणि स्टेम सेलच्या अंगावर ते ओळखणारा रिसेप्टर असतो, सीएक्ससीआर-४. त्या ओढीने त्या बरोब्बर घरी पोचतात. गंमत म्हणजे डोनरकडून पेशी काढताना नेमकं उलटं करतात, चार-पाच दिवस जी-सीएसएफची इंजेक्शनं देऊन ही पकड सैल करतात, मग स्टेम सेल रक्तात उतरतात आणि मशीनमधून रक्त फिरवून गोळा करता येतात. म्हणजे आजकाल बहुतेक वेळा हाडाला सुई लावायची वेळच येत नाही.

अशा स्टेम सेल खरंच असतात हे पहिल्यांदा पटवून दिलं टोरांटोच्या दोघांनी, जेम्स टिल हे फिजिक्सवाले आणि अर्नेस्ट मॅकलॉक हे डॉक्टर. उंदरांना रेडिएशन देऊन त्यांचा मॅरो मारायचा आणि दुसऱ्या उंदराचा मॅरो शिरेतून द्यायचा, किती पेशी दिल्या तर किती उंदीर वाचतात हे बघायचं, असा त्यांचा साधा हिशोब चालला होता. दहा-अकरा दिवसांनी बघितलं तर उंदरांच्या प्लीहेवर बारीक बारीक गाठी. दुसरा कोणी असता तर नोंद करून पुढे गेला असता, पण यांनी मोजलं, आणि जितक्या जास्त पेशी दिल्या तितक्या जास्त गाठी निघाल्या, साधारण दहा हजार पेशींमागे एक. हे १९६१ चं काम. १९६३ मध्ये त्यांचा विद्यार्थी अँड्र्यू बेकर याच्या प्रयोगातून सिद्ध झालं की एक अख्खी गाठ एकाच पेशीपासून वाढलेली असते. आपल्या शरीरात दर सेकंदाला वीसेक लाख लाल पेशी नव्या तयार होतात, आणि त्या सगळ्यांची वंशावळ मागे मागे नेली की ती जाऊन पोचते अशा मूठभर पेशींपर्यंत.

पण माणसांवरचे प्रयोग त्याच्याही आधी सुरू झाले होते आणि ते वाचताना खरंच वाईट वाटतं. १९५७ मध्ये अमेरिकेत डॉनल थॉमस यांनी सहा पेशंटना दुसऱ्यांचा मॅरो दिल्याचं प्रसिद्ध केलं, शंभर दिवसांच्या पुढे एकही जगला नाही. १९५८ मध्ये युगोस्लाव्हियात विन्चा इथल्या रिअॅक्टरमध्ये अपघात झाला, सहा जणांना जबर रेडिएशन लागलं, त्यांना पॅरिसला नेलं आणि जॉर्ज माते यांनी पाच जणांना फ्रेंच डोनरांचा मॅरो दिला. पाचातले चार वाचले. मॅरोमुळे वाचले की त्यांचा स्वतःचा मॅरो सावरला म्हणून वाचले, यावर वाद आहे. बऱ्याच संशोधकांनी नंतर हा नाद सोडून दिला. थॉमस मात्र कुत्र्यांवर प्रयोग करत चिकाटीने बसले, १९७७ मध्ये त्यांच्या टीमने अगदी शेवटच्या स्टेजच्या ल्युकेमियाचे, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरचे, १०० पेशंट मांडले, त्यातले १३ बरेच महिने-वर्षं आजाराशिवाय जगत होते. १३ म्हणजे काय, असं वाटेल, पण हे ते लोक होते ज्यांच्यासाठी दुसरं काहीच उरलं नव्हतं. १९९० मध्ये थॉमस यांना नोबेल मिळालं.

या सगळ्यामागची कल्पना काय होती तर एकदम सरळ. ल्युकेमिया मारायला केमो आणि रेडिएशनचा डोस वाढवत न्यायचा, पण एका हद्दीपुढे सुक्याबरोबर ओलंही जळतं, मॅरोच संपतो, आणि रक्त बनलं नाही तर पेशंट इन्फेक्शनने किंवा रक्तस्रावाने जाणार. मग आधी सगळं जाळून टाकायचं आणि नंतर नवा मॅरो पेरायचा. म्हणजे ट्रान्सप्लांट हा इलाज नव्हेच, इलाज ते औषध, आणि मॅरो हा मागून दिलेला आधार. मल्टिपल मायलोमा या मॅरोमधल्या कॅन्सरमध्ये पेशंटच्या स्वतःच्याच पेशी काढून ठेवून परत देतात तिथे आजही हाच हिशोब चालतो. मेलफॅलान नावाच्या औषधाचा मोठा डोस देतात, आणि तो चालू असताना पेशंट तोंडात बर्फाचे तुकडे चघळत बसतो. थंडीने तोंडातल्या रक्तवाहिन्या आकसतात, औषध तिथे कमी पोचतं आणि नंतर तोंड कमी सोलवटतं. इतक्या महागड्या ट्रीटमेंटमध्ये फ्रीजमधला बर्फ कामाला येतो, हे मला फार आवडतं.

मात्र डोनरच्या पेशींच्या बाबतीत हा हिशोब चुकीचा, निदान अर्धवट निघाला. आणि तो कसा निघाला ही माझ्या मते या विषयातली सगळ्यात भारी गोष्ट आहे.

डोनर शोधताना एचएलए जुळवतात, ही पेशींच्या अंगावरची ओळखपत्रं समजा, त्यांचे जीन सहाव्या क्रोमोसोमवर असतात आणि सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळायची शक्यता २५ टक्के. मग हुबेहूब एकसारख्या जुळ्या भावंडासारखा डोनर कुठे मिळणार, शंभर टक्के मॅच! अशा जुळ्याचा मॅरो मिळालेले पेशंट खरंच ट्रान्सप्लांटमधून सुखरूप बाहेर यायचे, त्रास जवळपास नाहीच, पण ल्युकेमिया परत यायचं प्रमाण त्यांच्यात जास्त होतं. उलट ज्यांना डोनरच्या पेशींचा त्रास झाला, म्हणजे अंगावर रॅश, लिव्हर बिघडलं, जुलाब, ज्याला जीव्हीएचडी म्हणतात, ते त्यातून तगले तर त्यांचा ल्युकेमिया कमी वेळा परतायचा. १९७९ मध्ये सिएटलच्या टीमने हे दाखवलं आणि १९९० मध्ये दोन हजारांहून जास्त पेशंटच्या आकड्यांनी त्यावर शिक्कामोर्तब केलं. म्हणजे ल्युकेमिया नुसता केमोने मरत नव्हता, त्याला डोनरच्या टी पेशी, म्हणजे परक्याला ओळखून मारणाऱ्या पांढऱ्या पेशी, हुडकून मारत होत्या.

किडनी ट्रान्सप्लांटमध्ये शरीर नव्या किडनीला हाकलायला बघतं. इथे उलटं आहे, आलेल्या पाहुण्याला अख्खं घरच परकं वाटतं आणि तो भिंती पाडायला लागतो, आणि त्या भिंतींत लपलेला कॅन्सरही त्यातच निघतो. याचा सगळ्यात स्वच्छ पुरावा म्युनिकहून आला. १९९० मध्ये हान्स-योकेम कोल्ब यांनी तीन पेशंट मांडले, तिघांनाही क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, ट्रान्सप्लांटनंतर परत आलेला. पुन्हा केमोचा मारा न करता त्यांनी इंटरफेरॉन या औषधाच्या जोडीला फक्त त्याच डोनरच्या पांढऱ्या पेशी दिल्या, आणि तिघांचा आजार गायब झाला.

मग साहजिकच वाटेल की टी पेशींमुळे त्रास होतो तर पिशवीतून त्या गाळून टाका. केलं की तेही, १९८० च्या दशकात. त्रास कमी झाला, पण ल्युकेमिया जोरात परत यायला लागला आणि काही वेळा नवा मॅरो रुजेचना. म्हणजे मारक्या बैलालाच नांगराला जुंपायचं आहे, गोठ्याबाहेर काढून भागत नाही. गेली चाळीसेक वर्षं बरंचसं संशोधन याच एका गाठीभोवती फिरतंय.

त्यातली मला सगळ्यात हुशारीची वाटणारी युक्ती अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाची. ट्रान्सप्लांट झाल्यावर तिसऱ्या आणि चौथ्या दिवशी सायक्लोफॉस्फमाइड हे जुनंच केमोचं औषध द्यायचं. ऐकायला वेडेपणा वाटतो, आत्ताच पेरलेल्या शेतात तणनाशक मारल्यासारखा. पण स्टेम सेलमध्ये अल्डिहाइड डिहायड्रोजिनेज नावाचं एन्झाइम भरपूर असतं, ते या औषधाला निष्प्रभ करतं, त्यामुळे त्या सुटतात. आणि ज्या टी पेशी पेशंटच्या शरीरावर चिडून त्याच दोन-तीन दिवसांत भराभरा वाढायला लागलेल्या असतात, त्या सापडतात. नंतर असंही दिसलं की प्रकरण इतकं सरळ नाही, सगळ्या चिडलेल्या पेशी मरत नाहीत, काही नुसत्या नरमतात, आणि भांडण आवरणाऱ्या रेग्युलेटरी टी पेशी मागे राहतात त्यांचाही यात मोठा हात आहे. काही असो, याचा फायदा असा झाला की अर्धा मॅच असलेला डोनरही चालायला लागला, म्हणजे आई, वडील, मुलगा, मुलगी कोणीही, त्यामुळे डोनरच नाही म्हणून थांबलेल्या कितीतरी लोकांचं अडलेलं काम सुटलं. २०२३ मध्ये तर मुख्यतः पूर्ण मॅच डोनर असलेल्यांमध्ये याची जुन्या औषधांशी तुलना झाली, ४३१ पेशंट होते, एका वर्षानंतर गंभीर जीव्हीएचडी नाही आणि आजारही परतला नाही असे लोक नव्या पद्धतीत सुमारे ५३ टक्के आणि जुन्या पद्धतीत ३५ टक्के.

डोस वाढवायची गरजही कमी झाली. काम टी पेशीच करणार असतील तर आधी सगळं जाळायचं कशाला? म्हणून हलका डोस देऊन नुसती जागा करून द्यायची पद्धत आली आणि साठी-सत्तरीतल्या लोकांनाही ट्रान्सप्लांट देता यायला लागला, जो आधी त्यांना झेपलाच नसता.

बरं, कॅन्सरही गप्प बसत नाही. अर्ध्या मॅचच्या ट्रान्सप्लांटनंतर परतलेला ल्युकेमिया मिलानच्या संशोधकांनी २००९ मध्ये तपासला, तर काहींच्या कॅन्सरपेशींनी न जुळणारं एचएलए चक्क टाकून दिलं होतं. डोनरच्या टी पेशी ज्या खुणेवरून त्यांना ओळखायच्या तीच पुसून टाकली. अशा पेशंटना त्याच डोनरच्या पेशी परत देऊन उपयोग नाही, डोनर बदलायचा विचार करावा लागतो.

आणि दर वेळी ट्रान्सप्लांटच हवा असंही नाही हो. ज्या क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियावर कोल्बनी हे दाखवलं, त्यावर २००१ मध्ये इमॅटिनिब गोळी आली आणि त्या आजारात ट्रान्सप्लांट आता क्वचितच करतात. जिथे जीव जायचा धोका ट्रान्सप्लांटमुळेच असतो तिथे गोळीने भागत असेल तर गोळीच बरी, यात दुमत असायचं कारण नाही.

ज्यांचं नीट रुजतं त्यांचं रक्त काही महिन्यांनी बहुतेक सगळं डोनरचं होतं. ब्लड ग्रुप वेगळा असेल तर तो बदलतो, रक्तातला डीएनए डोनरचा येतो आणि केसांच्या मुळाचा मात्र स्वतःचाच राहतो. पण या नव्या प्रतिकारशक्तीची पाटी बरीचशी कोरी असते, लहानपणी घेतलेल्या लसींची आठवण तिला जेमतेमच. म्हणून पन्नाशीचा माणूस सहा महिने-वर्षभराने दंडाची बाही वर करून डिप्थेरिया, धनुर्वात, पोलिओचे डोस पहिल्यापासून घेतो, आणि गोवराची लस जिवंत व्हायरसची असल्यामुळे तिच्यासाठी त्याला साधारण दोन वर्षं थांबावं लागतं.